काचेत पाणी नाही

रेन, ३ फेब्रुवारी १९८९

काटेल,

मी मूस तिरकी करत होते, अर्धी काच साच्यात उतरली होती, आणि मादाम बेर्तू दार ठोठावत आत आली. माझे हात कोरड्या हवेच्या बंद पेटीच्या रबरी मोज्यांत असताना कुणी आत यायचं नाही, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिलाही आहे. तरी आली, कारण फॅक्सवर तुझ्या लिओंच्या प्रयोगशाळेचं नाव होतं आणि तिला वाटलं, तू आजारी आहेस. मी मान वळवली. धार तुटली. उरलेली काच मी ओतली, पण पहिल्या थरावर सुरकुती पडून गेली होती. तो तुकडा आता भंगाराच्या डब्यात आहे.

तू आजारी नव्हतीस. कागदावर होतं : ‘सहा मिलिसेकंद. काचेत पाणी आहे.’ खाली सही, आडनावासकट, जणू मला ते माहीत नाही.

पाणी काय करतं ते मला शिकवू नकोस. काचेत मिसळलेल्या अर्बियमला उजेड पाजला की ते तो थोडा वेळ धरून ठेवतं आणि मग उजेड म्हणूनच परत देतं. शेजारी पाणी असलं की देत नाही. सगळं थरथरण्यात जातं, काच केसभर कोमट होते, संपलं. हे मीच तुला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, तू शाळेत असताना. तू म्हणाली होतीस, “म्हणजे आपले बाबा.” बाबा समोरच बसले होते. त्यांनी पेपराचं पान उलटलं.

त्या काचेत पाणी नाही. कच्चा माल मी स्वतः भाजला. पेटीतली हवा इतकी कोरडी होती की मोज्यांना भेगा पडायला लागल्या आहेत. काल क्रेपचा सण होता. फांचच्या बायकोने डबाभर क्रेप पाठवले होते, गरम, वाफ निघत असलेले. मी त्याला डबा घेऊन दाराबाहेर काढलं. तो खिडकीखाली भुरभुर पावसात उभा राहून खात होता.

“बाई, निदान खिडकी तरी उघडा. बोलता येईल.”

“खिडकी उघडली की ओल आत येते.”

“मग मी तुमच्या वाटचेही खातो.”

आणि खाल्ले. हे तुला सांगते आहे ते यासाठी, की या खोलीत वाफाळलेला क्रेपसुद्धा शिरत नाही, आणि तू मला पाणी कळवतेस.

तुला ठाऊक असेलच, तरी लिहिते, कारण तुझ्या कागदावरून तसं वाटत नाही. टेलिफोनवाल्यांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. या काचेत उजेड दहा मिलिसेकंदांच्या वर टिकला, तर ओतकामाची खोली चालू राहील. दहाच्या खाली आला, तर खोली चिपवाल्यांना जाईल. लागादेक आत्तापासूनच मापपट्टी घेऊन आत येतो आणि भिंतींकडे बघतो. संचालक माणूस, त्याला कोण अडवणार! मोजमाप बाहेरच्या प्रयोगशाळेने करायचं अशी अट आहे. बाहेरची प्रयोगशाळा म्हणजे लिओं, आणि लिओंला तू आहेस, हा माझा दोष नाही.

मी तशीही पुढच्या वर्षी निवृत्त होते. फांच होत नाही. काच ओतण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि छाती पुढे काढून सांगतो.

पुन्हा मोज.

आई


रेन, १८ फेब्रुवारी

काटेल,

कुटलीस?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चारच ओळी आहेत, वेळ लागला नाही. ‘जाड तुकड्यात उजेड अडकतो आणि आकडा फुगतो, म्हणून नमुन्याची पूड करून मोजला.’ मी ओतलेली, रात्रभर हळूहळू निववलेली, दोन्ही बाजूंनी आरशासारखी घासलेली काच तू अकीकाच्या खलात घातलीस आणि मिरी कुटावी तशी कुटलीस. आणि मला कळवलंस ते सहा. कुटली हे नाही कळवलंस. ते मी विचारल्यावर.

बाबांनी विचारलं, “काटेलचं पत्र का?”

“हो.”

“काय म्हणते?”

“सहा.”

“बरं,” म्हणाले.

उजेड अडकतो हे मला कळत नाही असं समजू नकोस. एका अर्बियमने सोडलेला उजेड शेजारचं अर्बियम पिऊन टाकतं, ते सोडतं तो तिसरं पितं, आणि जाड काचेतून बाहेर पडेपर्यंत उशीर होतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, वा, काय टिकतो उजेड. मान्य. म्हणून पूड?

काल मी तुमच्या प्रयोगशाळेत फोन केला. तू वर्गावर होतीस. तुझ्या शेजारच्या टेबलावरची ओदिल म्हणून मुलगी बोलली. गोड बोलते. तिला आपण काय सांगतो आहोत हे कळत नव्हतं.

“पूड केली कधी?”

“शुक्रवारी, मादाम.”

“आणि मोजली?”

“सोमवारी. मधे काटेल नव्हती.”

“तोवर पूड कुठे होती?”

“बशीत.”

“उघड्या?”

“छे, छे. झाकली होती ना.”

“कशाने?”

“कागदाने, मादाम.”

फ्लोराइड काचेची पूड, कागदाखाली, दोन नद्यांच्या मधल्या गावात, जानेवारीत. प्रत्येक कणाने आपापलं पाणी गोळा केलं. मग तू त्यात पाणी शोधलंस आणि तुला ते सापडलं.

तुझ्या जुन्या सिलिका काचेबाबत हे खपलं असतं. तिला कुटा, भिजवा, खिशात घालून फिरा, तिला काही वाटत नाही. माझ्या काचेला वाटतं. हे तू माझ्याच खोलीत शिकलीस आणि लिओंला जाऊन विसरलीस, की तिथे सगळे विसरतात म्हणून तूही?

मंगळवारी टेलिफोनवाल्यांचा केमेनेर येऊन गेला. करारावर सही त्याचीच असते. चांगला कोट, चांगले बूट, काचेबद्दल शून्य. तुझा सहाचा कागद त्याच्याकडे पोचला होता. कसा, ते मी लागादेकला विचारलं नाही.

“मग हा उरलेला उजेड जातो कुठे?” त्याने विचारलं.

“जात नाही कुठे,” फांच म्हणाला. “काच कोमट होते.”

“किती कोमट?”

“तुमचे पाय शेकून निघतील इतकी नाही.”

केमेनेर हसला. मग म्हणाला, “म्हणजे आम्ही उजेडाचे पैसे देतो आणि ऊब घेतो.” लागादेकही हसला, त्याच्यापेक्षा जरा जास्त.

मी म्हटलं, ऊब नाही, ती पूड होती, पूड वेगळी आणि काच वेगळी. केमेनेर म्हणाला, “मादाम, ते तुमचं तुम्ही आणि लिओंने बघा. मला एक आकडा द्या. दहाच्या वर.”

तुम्ही आणि लिओं. त्याला माहीत नाही लिओं माझ्या पोटची आहे.

आई


रेन, ६ मार्च

काटेल,

उत्तर नाही. ठीक. तू लिहीपर्यंत थांबले तर खोलीत चिपवाल्यांची टेबलं लागतील, म्हणून मी माझं काम सुरू केलं.

तू इथे असताना मोजणीचं जे टेबल बांधलंस ते अजून तसंच आहे, फडक्याखाली. फडकं काढलं. दिवा लागतो, शोधक चालतो. एका आरशाच्या स्क्रूला तू नेलपॉलिश लावून ठेवलं होतंस, कुणी हलवू नये म्हणून. कुणी हलवला नाही.

नोव्हेंबरात ओतलेला ठोकळा घेतला. या खोलीतून निघालेली ती सगळ्यात चांगली काच. त्यातून पलीकडची छापील अक्षरं वाचता येतात, आणि काच मधे आहे असं वाटतच नाही. फांचने हात आडवा घातला.

“हा कापणार? बाई, हा कपाटात ठेवायचा ठरलं होतं. पाहुण्यांना दाखवायला.”

“पाहुणे आकडा बघतात.”

“मग आधी आकडा बघा. कापायचं काय त्यात?”

आधी आकडाच बघितला. अख्खा ठोकळा : तेरा. फांचने टाळी वाजवली. मला आनंद झाला नाही, कारण मला तुझा आवाज ऐकू येत होता. लिओंहून. एक अक्षर न लिहिता माणूस एवढा आवाज कसा करू शकतो!

मग हिऱ्याच्या करवतीने कापला. तेल घालून, पाण्याचा थेंब नाही. अर्धा केला : साडेअकरा. त्याचा अर्धा : दहा पूर्णांक चार.

“इथे थांबू या,” फांच म्हणाला. “दहाच्या वर आहे.”

“थांबायला ही बस आहे का?”

“बस असती तर मी उतरलो असतो.”

मी करवत बंद केली. फक्त त्या दिवसापुरती. पुढचा काप काढायचा आहे.

तोवर एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे ती माझ्या डोक्यातून जाईल. तेरा हा आकडा माझा नाही. तू मोजलास, तुझ्या प्रबंधात आहे, तेव्हाच्या अख्ख्या ठोकळ्यावर मोजलेला. मी काच ओतली, तू मोजलीस, नावं दोघींची. टेलिफोनवाल्यांनी दहा आणलं कुठून? त्या तेरातून तीन सवलत देऊन, आणि तेच दहा करारात आजवर राहिलं. आणि मग दोन वर्षांपूर्वी तू बैठकीत उठलीस, पॅरिसची माणसं समोर बसलेली असताना, आणि म्हणालीस, हा आकडा चूक आहे, जाड काचेचा भास आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे नाही. तू प्रामाणिक ठरलीस आणि मी भास.

चूक होता की बरोबर, हा माझा मुद्दा तेव्हाही नव्हता. त्या सकाळी आपण एका टेबलावर कॉफी प्यायलो होतो. तू मला म्हणाली होतीस, “आई, लोणी दे.” मी दिलं. तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. लोणी लावता लावता बोलून झालं असतं.

तू लिओंला गेलीस ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. बाबा स्टेशनवर आले. मी आले नाही, त्या दिवशी भट्टी चालू होती. भट्टी दुसऱ्या कुणाला बघता आली असती. फांचला आली असती.

आई


रेन, २१ मार्च

काटेल,

नऊ.

दहा पूर्णांक चारचा तुकडा आणखी पातळ केला : साडेनऊ. आणखी पातळ : नऊ. त्याहून पातळ, बोटात धरला तर मोडेल असा : नऊ. फांचचा श्वास लागला की थरथरत होता. नऊच. मग तीन दिवस मी दुसऱ्या ओतणीची काच कापली, डिसेंबरातली. तीही उतरत उतरत नवावर येऊन बसली.

कागदावर हिशोब करून बघितला, तुझ्याच प्रबंधातल्या पद्धतीने. अर्बियम एकटं असलं, त्याला कुणी त्रास दिला नाही, तर या काचेत ते उजेड नऊच्या आसपास धरून ठेवतं. त्याला स्वतःलाच त्यापलीकडे धरता येत नाही. म्हणजे काहीही वाया जात नाही. पाण्यात नाही, थरथरण्यात नाही, कशातच नाही. जेवढं दिलं तेवढं परत.

याचा अर्थ तुला कळतो. या शहरात तो आणखी दोनच माणसांना कळतो आणि त्यातला एक फांच आहे. काच जेवढी चांगली होऊ शकते तेवढी झाली आहे, आणि ती नापास आहे. टेलिफोनवाल्यांना हवंय दहा, आणि दहा कुणालाच मिळणार नाही, जगात कुठेही नाही, कारण ते दहा ज्या तेरातून काढलं ते तेराच नव्हतं.

आज दुपारी लागादेककडे गेले. त्याने दार लावून घेतलं.

“मादाम, नऊ मला नको. दहा पूर्णांक चार झालं होतं असं फांच म्हणाला.”

“तो जाड तुकडा होता.”

“पण तुम्ही ओतलेलाच ना?”

“हो.”

“मोजलं तेव्हा खरंच दहा पूर्णांक चार आलं ना? कुणी लबाडी केली?”

“नाही.”

“मग तो पाठवा. लिओंला सांगा, कुटू नका. ते मोजतील, त्यांनाही दहा पूर्णांक चारच येईल. सही त्यांची. आपण काही बोललोच नाही.”

“त्यात उजेड अडकतो.”

“अडकू दे. करारात जाडी लिहिलेली नाही.”

खरंच लिहिलेली नाही. मी वाचून बघितलं.

“दहा कुणालाच मिळणार नाही,” मी म्हटलं. “हे केमेनेरला सांगा ना.”

“मग तेरा कसं मिळालं, असं तो विचारेल.”

“जाड होतं म्हणून.”

“मग जाड पाठवा,” लागादेक म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं मी का चिडले.

खोलीत परत आले. दोन्ही तुकडे टेबलावर होते. फांचला मी काही सांगितलं नाही, पण तो भिंतीपलीकडून ऐकतो.

“मुलीला अडचणीत आणायचं नाही, म्हणून?” त्याने विचारलं.

“मुलीचा इथे काय संबंध?”

“मग कशासाठी?”

“मला आकडा बरोबर हवा.”

“मला नोकरी हवी,” फांच म्हणाला. मग म्हणाला, “तुमचं चालू द्या.” आणि मोजे पुसत बसला. खरंच चिडला असता तर बरं झालं असतं.

मी बराच वेळ त्या जाड तुकड्याकडे बघत बसले. तो पाठवला असता तर तुला एकच गोष्ट करावी लागली असती : मोजायचा आणि सही करायची. तू केली नसतीस. तू तो कुटला असतास, पुन्हा, आणि पुन्हा सहा कळवलं असतंस, आणि मी पुन्हा ओरडले असते, आणि आपलं असंच चाललं असतं. किंवा या वेळी, माझ्यासाठी म्हणून, केली असतीस. त्याची मला जास्त भीती वाटली.

पातळ तुकडा पाठवते आहे. कोरडा नायट्रोजन भरलेल्या नळीत आहे, तोंड वितळवून बंद केलेलं. नळी आधी कोरड्या पेटीत ने, मग फोड. तुकडा हाताने धरू नकोस. त्याच तासाला मोज. कुटू नकोस. कुटू नकोस हे मी तिसऱ्यांदा लिहीत नाही.

तुला नऊ येईल. आलं की नऊ लिही आणि सही कर. केमेनेरला ते पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. सोबत असंही लिही की अख्ख्या ठोकळ्याचं तेरा चूक होतं आणि पुडीचं सहा चूक होतं, आणि दोन्ही का चूक होतं. छापायचं असेल तर छाप. नावं दोघींची घाल, माझं मागे घातलंस तरी चालेल. पण सहाची चूक गाळून नुसती तेराची छापलीस तर मी संपादकाला पत्र लिहीन, आणि ते चार ओळींचं नसेल.

तेराबद्दल तू बरोबर होतीस. पुडीबद्दल नाहीस. पहिलं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, दुसरं लिहायला अजिबात वेळ लागला नाही, हे मलाही दिसतं.

रविवारी ईस्टर आहे. बाबांनी मटण सांगून ठेवलंय, तिघांपुरतं. मी त्यांना विचारलं, तिसरं कोण? ते म्हणाले, “असू दे.” त्यांच्याकडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं. येणार असशील तर कळव. येणार नसशील तरी कळव, आणि वाक्यात कळव. तुझं लिहिणं आणि माझं ओरडणं यांत मधल्या मधे काय काय संपून जातं, त्याचा हिशोब मी ठेवत नाही. तूही ठेवू नकोस.

आई

२२ मार्च, सकाळ. पाकीट टपालात पडलं. नऊ हा आकडा मी लागादेकच्या टेबलावर ठेवला, तुकड्याच्या जाडीसकट. त्याने माझ्यासमोर केमेनेरला फोन केला. केमेनेरने एवढंच विचारलं, वर की खाली. लागादेक म्हणाला, खाली. जूनअखेर खोली रिकामी करायची आहे. मी फांचला सांगितलं. त्याने विचारलं, आज ओतायचं आहे की नाही. आम्ही ओतलं. काच स्वच्छ निघाली.